नॅनो जस्त, पण नगाने मोजून

डेन्मार्कमधल्या ज्या पशुखाद्याच्या प्रयोगशाळेत मी काम करतो, तिथे गेल्या महिन्यात ‘नॅनो झिंक’ असे छापलेले नमुन्याचे पोते आले आणि ते उघडण्याआधीच माझ्या वरिष्ठ बाईंनी ते कुलपात ठेवायला लावले. कणांचे मोजमाप हाती येईपर्यंत त्यातली चिमूटभर पूडही डुकराच्या पिल्लांच्या खाद्यात जाणार नाही, एवढे सांगून त्या निघून गेल्या. भारतात खनिज मिश्रणाच्या पिशवीवर ‘नॅनो’ हा शब्द जाहिरातीच्या उत्साहाने छापलेला पाहण्याची सवय असलेल्या मला हा प्रकार आधी निव्वळ ताठरपणाचा वाटला.

डेन्मार्कमध्ये माणसांपेक्षा डुकरांची संख्या कितीतरी जास्त आहे, त्यामुळे डुकराच्या पिल्लाचे पोट बिघडणे हा इथे गंभीर चर्चेचा विषय असतो. साधारण चार आठवड्यांची पिल्ले आईपासून तोडली की त्यांना ई. कोलाय या जिवाणूमुळे हगवण लागते. त्यावर वर्षानुवर्षे एक हुकमी उपाय होता: पहिले दोन आठवडे किलोभर खाद्यात अडीच ते तीन ग्रॅम झिंक ऑक्साइड मिसळायचे. युरोपीय संघाने जून 2022 पासून हा औषधी वापर बंद केला असून आता पिल्लांच्या खाद्यातले एकूण जस्त किलोमागे 150 मिलिग्रॅमच्या आत ठेवावे लागते. दिलेल्या जस्तापैकी बहुतेक पिल्लाच्या अंगी लागतच नाही. ते मलमूत्राच्या खतातून शेतात जाते, मातीत साठत राहते, आणि जस्ताला सरावलेले जिवाणू अनेकदा प्रतिजैविकांनाही दाद देईनासे होतात.

नॅनो जस्ताची आशा नेमकी इथे निर्माण होते. एक मायक्रॉनचा, म्हणजे 1000 नॅनोमीटरचा, कण 50 नॅनोमीटरपर्यंत बारीक केला, तर तेवढ्याच वजनाच्या पुडीचा एकूण पृष्ठभाग 20 पट होतो, आणि त्यामुळे थोड्या मात्रेत मोठ्या मात्रेचे काम होईल असे मानले जाते. अडचण अशी, की झिंक ऑक्साइड जठरातल्या आम्लात विरघळते. कण आतड्यात पोहोचण्याआधीच विरघळला, तर मागे उरतात ते साधे जस्ताचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आणि पोत्यावरचा ‘नॅनो’ पोत्यावरच राहतो.

माझी खरी चिडचिड मात्र मोजण्याच्या पद्धतीवर झाली. युरोपीय आयोगाच्या व्याख्येनुसार, ज्या पदार्थातले निम्मे किंवा अधिक कण 1 ते 100 नॅनोमीटरच्या दरम्यान असतात तो नॅनोपदार्थ; आणि हे निम्मे वजनाने धरायचे नसून नगाने धरायचे असतात. हिशेब करून पाहा. एक मायक्रॉनच्या एका कणाचे वजन 100 नॅनोमीटरच्या 1000 कणांएवढे भरते. म्हणजे पुडीत वजनाने 99 टक्के एक मायक्रॉनचे कण आणि केवळ एक टक्का बारीक भुकटी असली, तरी दर 99 मोठ्या कणांमागे 1000 बारीक कण येतात आणि नगाने 91 टक्के पूड नॅनो ठरते. शिवाय हे कण एकमेकांना चिकटून त्यांचे घट्ट पुंजके होतात, आणि पुंजक्याचा आकार न पाहता त्यातला मूळ कण मोजायचा असतो. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या करड्या चित्रावर द्राक्षाच्या घडासारख्या दिसणाऱ्या पुंजक्यातला एकेक कण रेखून त्याचा व्यास नोंदवत मी दुपारच्या दुपारी घालवल्या आहेत. हे काम कंटाळवाणे आहे, आणि एक टक्का भुकटीसाठी एवढा खटाटोप करणे मला आजही अतिरेकी वाटते. पण वजनाने मोजले असते तर ती भुकटी कोणाच्या नजरेसही आली नसती, हेही मान्य करायला हवे.

परदेशात गेलेला माणूस मायदेशाची उणी काढतो, हा टोमणा माझ्या परिचयाचा आहे. म्हणून दुसरी बाजूही नोंदवतो. भारताच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो कृषी निविष्ठा आणि अन्नपदार्थांच्या मूल्यमापनासाठी 2020 सालीच मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. गिधाडांच्या जिवावर उठलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचा जनावरांसाठीचा वापर भारताने 2006 साली थांबवला, तर त्यानंतर 2013 साली स्पेनने त्याच औषधाला गुरांसाठी परवानगी दिली. जनावराला दिलेले औषध जनावरापाशी थांबत नाही, हा धडा आपण कोणाकडून उसना घेतलेला नाही. झिंकबंदीनंतर इथे पिल्लांसाठी निओमायसिन या प्रतिजैविकाचा वापर वाढला, हेही इथलेच अहवाल सांगतात. तरीही मी इथे का राहिलो, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे, की पोते कुलपात ठेवण्याचा अधिकार इथे प्रयोगशाळेला आहे आणि विक्री विभाग तो निमूटपणे मान्य करतो.

मला नॅनोचे वावडे नाही. दुधातले प्रतिजैविकांचे अंश तपासणाऱ्या अनेक पट्ट्यांवर उमटणारी लाल रेघ सोन्याच्या नॅनोकणांचीच असते, आणि तिचा गाजावाजा कोणी करत नाही.

भारतातल्या एका पशुवैद्यक मित्राने असेच एक मिश्रण वापरू का, असे परवा विचारले. विक्रेत्याकडून कणांच्या आकाराचा नगावर आधारलेला तक्ता, आम्लात किती वेळात किती पूड विरघळते याची चाचणी, आणि जनावराच्या शेणातून किती जस्त बाहेर पडते याची मोजणी, एवढे मागून घे, असे मी त्याला कळवले आहे. विक्रेत्याने त्याला अद्याप फक्त रंगीत माहितीपत्रक पाठवले आहे.