ब्लायबराचे देवदूत आणि त्यांच्या डोक्यावरचं शिसं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ, सफोक परगण्यातल्या ब्लायबरा गावात दलदलीच्या कडेला होली ट्रिनिटी चर्च उभं आहे. आताची इमारत मुख्यतः १५व्या शतकातली. आत पाऊल टाकलं की मान आपोआप वर जाते. तुळयांच्या मधोमध लाकडी देवदूत आहेत, पाठीला पाठ लावून जोडीजोडीने, एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला. पंख पूर्ण पसरलेले. वाशांवरचा लाल-हिरवा रंग विटलाय, पण नक्षी अजून ओळखू येते.

देवदूतांचे फोटो सगळेच काढतात. ते ज्या छतावर बसलेत ते इतकं सपाट का, हे मात्र फार कमी जण विचारतात आणि खरं तर या चर्चची किल्ली तिथेच आहे.

गवताचं किंवा कौलाचं छत पाणी पटकन ओघळावं म्हणून उभट लागतं. शिशाचं पत्र्याचं छत उभट करून चालत नाही. शिसं मऊ आणि जड. ३ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण ३४ किलो भरतो. जास्त उतारावर तो स्वतःच्याच वजनाने वर्षानुवर्षं खाली सरकत राहतो. म्हणून उतार कमी ठेवायचा. उतार कमी म्हणजे पाखी टेकवायला आडवी, मधे किंचित उचललेली ओकची तुळई पुरते. ती दोन्ही भिंतींना बांधूनही ठेवते, त्यामुळे छताचा भार भिंतींवर जवळजवळ सरळ खाली येतो आणि त्या बाहेर ढकलल्या जात नाहीत. मग भिंतीचा वरचा पट्टा खिडक्यांसाठी मोकळा करता येतो. इथे तो केलाय: दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खिडक्या, लोक बसतात त्या दालनापासून थेट वेदीपर्यंत एका ओळीत. मधे कमानही नाही. जुनी रंगीत काच जवळपास सगळी गेल्यामुळे आजचा उजेड बांधणाऱ्यांना अभिप्रेत होता त्यापेक्षा बराच पांढरा आहे, हे लक्षात ठेवून बघावं. कुलाब्याचं अफगाण चर्च (१८५८) पाहिलेल्यांना फरक चटकन कळेल. ते आणखी जुन्या इंग्लिश शैलीवर बेतलेलं आहे, त्यामुळे तिथलं छत उभट आहे.

शिशाचं दुखणं उन्हाचं. दोन मीटर लांबीचा पत्रा हिवाळ्यातल्या उणे १० अंशांपासून उन्हात तापून ५० अंशांपर्यंत गेला, तर साडेतीन मिलिमीटर वाढतो. त्याला हलायला जागा हवी. म्हणून वरची कड तांब्याच्या खिळ्यांनी पक्की करतात, खालची मोकळी सोडतात, आणि शेजारच्या पत्र्यांच्या कडा गोल लाकडी पट्टीवरून एकमेकींवर वळवतात. पत्रा फार मोठा घेतला किंवा चारही बाजूंनी खिळला, की सुरकुती पडते आणि त्याच रेषेवर तो फाटतो. दुसरा रोग खालून लागतो: आतली दमट हवा शिशाच्या पोटाला थंड होऊन पाणी धरते आणि पत्र्यावर खालून पांढरी भुकटी धरू लागते. म्हणून नव्या कामात फळ्यांखाली वारा खेळता ठेवतात.

पण सगळ्यात जास्त नुकसान करते ती तुंबलेली पन्हळ. कठड्यामागच्या पन्हळीत पाला किंवा पाखरांच्या घरट्यातल्या काटक्या अडकल्या की पाणी भिंतीत उतरतं, आणि नेमकं तुळईचं टोक तिथेच भिंतीत गाडलेलं असतं. ओल्या ओकमध्ये डेथवॉच भुंगेरा अंडी घालतो. अळ्या कित्येक वर्षं आतल्या आत लाकूड खातात. बाहेर दिसतात ती सुमारे ३ मिलिमीटरची भोकं, तीही भुंगेरा उडून गेल्यावर. औषध फवारण्याआधी ओल थांबवावी लागते. मग कुजलेलं टोक कापून नवा ओक जोडायचा.

भिंती गारगोटीच्या आहेत. या भागात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, गारगोटी मुबलक. कोपरे, खिडक्यांच्या चौकटी यांचा दगड मात्र बाहेरून आणावा लागे. फोडलेल्या गारगोटीचा काळा, चकचकीत चेहरा दगडाच्या खाचेत बरोबर बसवला की काळ्या-पांढऱ्याची नक्षी होते. पूर्वेच्या खिडकीखाली तशी अक्षरांची ओळच आहे. गारगोटी पाणी शोषत नाही, त्यामुळे दिवसाला थोडीच उंची चढवायची, नाहीतर ओला चुना दबून भिंत फुगते. याच कारणाने दरजा सिमेंटने भरणं घातक. भिंतीला श्वास घ्यायला चुनाच तेवढा असतो.

४ ऑगस्ट १५७७ ला, रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी, वीज पडून मनोऱ्यावरचं शिखर छतातून आत कोसळलं. एक माणूस आणि एक मुलगा दगावला. शिखर पुन्हा बांधलंच नाही. उत्तरेच्या दारावरचे जळके डाग दंतकथेतल्या सैतानी काळ्या कुत्र्याच्या पंजाचे असं गाव सांगतं. तसे थेंबासारखे डाग इतर जुन्या इमारतींतही आढळतात, आणि ते मेणबत्तीची ज्योत मुद्दाम धरून केलेले असावेत हे मला जास्त पटतं. १६४४ च्या एप्रिलमध्ये मूर्तिभंजक विल्यम डाउझिंगने वीस देवदूत उतरवण्याचा हुकूम दिला. बरेच वरच राहिले. त्यांच्यात सापडलेले शिशाचे छर्रे त्याच्या माणसांच्या माथी मारले जातात, पण १८व्या शतकातल्या चर्चच्या हिशेबात आत शिरलेले डोमकावळे मारण्याचा खर्च नोंदलेला आहे.

१८८१ मध्ये पडझडीमुळे चर्च बंदच करावं लागलं. दुरुस्ती किती करायची यावर कलाकार आणि कवी विल्यम मॉरिस यांच्या जुन्या इमारती जपणाऱ्या संस्थेने जोरदार वाद घातला. जुनं खरवडून नवं चकाचक करू नका, हा त्यांचा आग्रह होता, आणि आज वाशांवर जुना रंग दिसतो याचं मोल त्या आग्रहाशिवाय कळत नाही.

निघण्याआधी बाकांची टोकं नीट बघा. त्यांवर ख्रिस्ती परंपरेतली महापापं माणसांच्या रूपात कोरली आहेत. अंथरुणात बसलेला आळस, पोट सुटलेला खादाडपणा, सगळे हाताच्या उंचीवर, शतकानुशतकांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेले. आणि १६८२ सालचा लाकडी, चिलखत घातलेला घड्याळाचा जॅक, म्हणजे घंटेवर ठोका मारणारा बाहुला: आता तो तास देत नाही, प्रार्थना सुरू होताना तेवढी घंटा वाजवतो.