कडूच आहे, मग मार्क कशाचे?

पेल एल ही बिअर कडूच, मग तिला मार्क कशाचे, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वाळूजच्या एका बिअर कारखान्याच्या लॅबमध्ये माझी बावीस वर्षं गेली. आता अधूनमधून क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या कारखान्यांतली बिअर, चाखून मार्क द्यायला पुण्याकडून बोलावणं येतं. जालन्याला परतलो की मेव्हण्यापासून गल्लीतल्या मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांचं एकच: "पेल एल कडूच असते ना? मग त्यात चांगलं-वाईट काय बघता?"

कडू असतेच. पण कोणतं कडू? मोसंबीच्या मुलखात हे वेगळं सांगायला नको. रस काढून लगेच प्या, गोड. तोच दुपारपर्यंत ठेवा, कडवट होतो आणि ते कडू जिभेच्या मुळाशी चिकटून बसतं. वर तांब्याभर पाणी प्यायलात तरी हलत नाही. आता सालीला नख लावा. तेलाचा बारीक फवारा उडतो, नाकात झण्णकन जातो. कडू त्यातही आहे, पण येतं आणि निघून जातं. चांगल्या अमेरिकन पेल एलचं कडू हे दुसऱ्या जातीचं.

ते येतं हॉप्समधून, म्हणजे एका वेलीच्या शंकूसारख्या फुलांतून. आपल्या देशात ती हिमाचलात लाहौलकडे होतात. सातूचं गोड पाणी उकळतात, त्या उकळीच्या सुरुवातीला टाकली की कडू उतरतं, शेवटी टाकली की वास टिकतो. कॅस्केड ही त्यातली जात अमेरिकेत १९७२ साली आली. १९८०पासून तिथल्याच सिएरा नेवाडा या बिअर कारखान्याने तिच्याच जोरावर पेल एल बनवली आणि सालीचा तो वास या बिअरची ओळखच होऊन बसला. पण नुसता वास नाही चालत. सातूला मोड आणून, वाळवून, हलकं भाजतात. त्याची भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखी गोडी पाठीशी लागते. ती नसेल तर पाडव्याचा कडुलिंब बरा.

मार्क पन्नासपैकी. चवीला २०, वासाला १२, तोंडात भरीव लागते की पाणचट याला ५, एकूण मताला १०. दिसण्याला फक्त ३, आणि लोक ग्लास उजेडात धरून फोटो काढण्यातच फेस घालवतात. वाईनवाले चाखून थुंकतात, आम्ही गिळतो. कडू किती वेळ रेंगाळतं ते घशाखाली गेल्याशिवाय कळत नाही. म्हणून घोट लहान.

नाक मात्र फसतं. नवा असताना एका नमुन्याला मी भरभरून मार्क दिले होते. काय सुंदर लोण्याचा वास! वरिष्ठ केमिस्टनं कागद परत सरकवला. "लोणी घरी खा." तो डायअसिटिल होता, बिअरमधला दोष. बिअर आंबवणारं यीस्ट तो आधी तयार करतं आणि सवड दिली तर स्वतःच पुन्हा शोषून घेतं. आम्ही टाकी घाईत गार केली होती.

गेल्या मे महिन्यात मेव्हण्यानं फ्रीजरमधून बाटली काढली, ग्लासवरही बर्फ. "घ्या दाजी, दात शिवशिवतील अशी आहे." म्हटलं, थांब जरा. एवढ्या गारीत वास येतच नाही, सात ते दहा अंशांवर यायला हवी. पंधरा मिनिटं तो माझ्याकडे, मी ग्लासकडे बघत बसलो. मग ग्लास हातात फिरवून नाकाशी नेला. मोसंबी कुठंच नाही. भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास.

"कधीची आहे रे?"

"मार्चमध्ये पुण्याहून आणलीय. तुमच्यासाठीच जपून ठेवली होती की, माळ्यावर."

पत्र्याखालचा माळा, बाहेर बेचाळीस अंश. उष्णतेनं हॉप्सचा वास आधी मरतो आणि बाटलीत राहिलेला थोडासा ऑक्सिजन पुठ्ठा करून ठेवतो. बनवणाऱ्याची यात चूक नाही, पण मार्क ग्लासात आहे त्याला द्यायचे असतात. मी एकवीस दिले. त्याचं तोंड उतरलं, तेव्हा बाटली तपकिरी होती म्हणून उन्हानं येणारा जळक्या रबराचा वास तरी वाचला, असं काहीतरी समजूत घालणारं बोललो.

तेवढ्यात आतून मिरचीची भजी आली. त्यानंतर जिभेला काय कळणार! त्यानं उरलेला ग्लास ओढून घेतला, दोन घोटांत संपवला आणि म्हणाला, "दाजी, मला तर चाळीसच्या वर वाटते."