पहिल्या रात्रीचे बिंदू : एका सुपरनोव्हाची स्फोटवेळ काढताना

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी मी एसएन २०११एफई हा सुपरनोव्हा निवडला. सप्तर्षीच्या शेपटीजवळच्या एम१०१ दीर्घिकेत, सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षांवर झालेला हा स्फोट कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या सर्वेक्षणाने २४ ऑगस्ट २०११ रोजी अगदी कोवळा असताना पकडला, आणि त्याची मोजमापं सगळ्यांना खुली आहेत. काम एवढंच, की स्फोट कधी झाला ते काढायचं आणि त्यावरून फुटलेला तारा केवढा होता ते बघायचं.

पहिली कटकट वेळेची. खगोलशास्त्रात दिवस सलग आकड्याने मोजतात, तो ज्युलियन दिनांक; तो दुपारी बदलतो, सुधारित ज्युलियन मध्यरात्री. दोन ठिकाणचे आकडे एका तक्त्यात आणताना अर्धा दिवस सहज इकडचा तिकडे होतो, आणि इथे तर सगळा खेळ तासांचा. मग प्रतींचं (ताऱ्याच्या तेजाचं माप; आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी) तेजात रूपांतर : पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभर पट तेज. सापडला तेव्हा तारा सतराव्या प्रतीचा होता, १० सप्टेंबरच्या सुमारास दहाव्या प्रतीपर्यंत चढला. आलेखात हा चढ फार देखणा दिसतो, पण माझ्या प्रश्नाला तो निरुपयोगी. शिखरापाशी दिसणारा उजेड स्फोटात तयार झालेल्या निकेल-५६ च्या किरणोत्साराचा असतो (अर्धायुष्य सहा दिवस, पुढे कोबाल्ट, शेवटी लोखंड). मूळ तारा केवढा होता, याचा माग तोवर पुसलेला असतो. स्फोटाच्या धक्क्याने तापलेलं द्रव्य निवताना जो थोडा उजेड देतं, तो मात्र ताऱ्याच्या त्रिज्येवर ठरतो. तो पहिल्या काही तासांतच बघावा लागतो.

गाइड मॅडम म्हणाल्या, "तेजाचं वर्गमूळ काढ आणि वेळेसमोर मांड." गोळा ठरावीक वेगाने फुगतोय आणि तापमान फारसं बदलत नाहीये असं धरलं, तर तेज वेळेच्या वर्गाने वाढतं, म्हणजे वर्गमूळाची सरळ रेष यायला हवी. आली! ती मागे ओढून शून्याला जिथे छेदते ती वेळ घ्यायची. प्रसिद्ध झालेलं उत्तर आहे आपल्या घड्याळाप्रमाणे २३ ऑगस्टच्या रात्री दहाच्या सुमाराचं. म्हणजे शोध लागला तेव्हा जेमतेम अकरा तास झाले होते. माझी रेष तिथेच आसपास पोचली.

त्या उत्तरापुढे त्रुटी फक्त वीस मिनिटांची लिहिलेली आहे. मी भारावलो, मॅडम नाही. निकेल खोल असेल तर त्याची ऊष्णता पृष्ठभागापर्यंत झिरपायला वेळ लागतो. तोवर स्फोट होऊनही तारा अंधारात राहू शकतो. म्हणजे रेष सांगते ती उजेडाची सुरुवात, स्फोटाची नव्हे. हा भाग मी अहवालात सगळ्यात सविस्तर लिहिला.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या सरांनी नेमकं मायोर्का बेटावरच्या छोट्या दुर्बिणीवर बोट ठेवलं. "तिला काही दिसलंच नाही, मग ती आलेखात कशाला?" याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. त्या रेषेच्या हिशोबाने स्फोटानंतर चारेक तासांनी तिने तोच आकाशाचा तुकडा टिपला होता आणि जागा रिकामी होती. तारा मोठा असता तर निवणारा उजेड तिच्या टप्प्यात आला असता. त्यावरून त्रिज्येची मर्यादा निघते सूर्याच्या साधारण दोन टक्के, म्हणजे पृथ्वीच्या दुपटीहून थोडी जास्त. एवढ्यात श्वेत बटूच (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा) बसतो. अंधारी वेळ धरली तर मर्यादा थोडी सैल होते, हे मी स्वतःहून सांगितलं.

श्वेत बटू एकटा फुटत नाही, जवळच्या साथीदार ताऱ्यामुळे फुटतो असं मानतात; त्या साथीदाराचा प्रश्न जास्त चिवट. हबलच्या जुन्या छायाचित्रांत त्या जागी तेजस्वी तांबडा राक्षसी तारा नाही, म्हणून तो बाद. स्फोटाचं द्रव्य साथीदारावर आदळलं तर सुरुवातीला निळसर, अतिनील उसळी दिसावी. पण साथीदार आपल्या बाजूला असेल तरच ठळक. इथे तशी काही दिसली नाही.

आता तोच तक्ता एसएन २०१७सीबीव्ही या दुसऱ्या सुपरनोव्हाला लावतोय. तिथे पहिल्या पाच दिवसांत निळ्या फिल्टरमध्ये खरंच उंचवटा आहे, पण टकरीचं गणित सांगतं तेवढं अतिनील तेज नाही, आणि नंतरच्या वर्णपटात साथीदाराकडून ओरबाडलेला हायड्रोजनही सापडलेला नाही. मॅडमना साथीदाराची टक्कर अजिबात पटत नाही. मला अजून थोडीशी पटते.