पानगळीतला पाइक

पाइक, म्हणजे थंड प्रदेशांतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा, धरायला कधी जावे, असे कोणी विचारले तर मी महिन्याचे नाव सांगत नाही, पाण्यात तापमापक सोडून बघायला सांगते. पाणी १५ अंश सेल्सियसच्या खाली उतरू लागले की उन्हाळाभर खोल, गार पाण्यात राहिलेले मोठे पाइक पुन्हा उथळाकडे सरकू लागतात, आणि तिथपासून बर्फ धरेपर्यंतचे दिवस मी वर्षभर राखून ठेवलेले असतात. गळाने धरलेल्या माशांचे विक्रम नोंदवणाऱ्या इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नोंदीतला जागतिक विक्रमाचा पाइक, तब्बल २५ किलोचा, जर्मनीतल्या ग्रेफर्न तलावात १६ ऑक्टोबर १९८६ रोजी मिळाला. त्याआधी न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रेट सॅकंडागा जलाशयातला सुमारे २१ किलोचा मासा १५ सप्टेंबर १९४० चा आहे. दोन माशांवरून नियम बांधता येत नाही हे खरे, परंतु त्यामागचे कारण भक्कम आहे. मोठा पाइक ही जवळपास नेहमी मादी असते; बर्फ वितळताच ती बुडालेल्या गवतात अंडी घालते, आणि त्या अंड्यांची जुळवाजुळव तिच्या पोटात पानगळीपासूनच सुरू झालेली असते. या दिवसांत ती खाते ते पुढच्या पिढीसाठीही खाते.

पाइकचे शरीर नीट पाहिले की त्याला कुठे शोधायचे हे निम्मे तिथेच कळते. लांबट अंग, बदकाच्या चोचीसारखा चपटा जबडा, आणि पाठीचा व पोटाखालचा पर दोन्ही अगदी शेपटीजवळ, बाणाच्या पिसांसारखे. ही रचना एकाच झेपेची आहे, लांबवर पाठलाग करण्याची नव्हे. हिरवट अंगावरच्या फिकट ठिपक्यांमुळे तो पाणवनस्पतींत असा मिसळून जातो की हातभर अंतरावर असूनही दिसत नाही. म्हणून पानगळीत माझे पहिले काम गळ टाकण्याचे नसून पाणवनस्पती तपासण्याचे असते. थंडी वाढली की वनस्पतींचे पट्टे एकेक करून मरतात, आणि कुजणारी वनस्पती पाण्यातला प्राणवायू खाऊ लागते. आमिषाबरोबर वर आलेली काडी मी दरवेळी बोटांत धरून मोडते. कटकन मोडली आणि आतून हिरवी निघाली तर तिथेच थांबते. तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास असलेली निघाली तर होडी पुढे नेते. ऑक्टोबर सरत आला की तलावाच्या अख्ख्या खाडीत हिरवा असा एखादाच तुकडा उरतो, अंगणाएवढा. लहान मासे तिथे गोळा होतात आणि पाइकही त्यांच्या कडेला येऊन बसतो.

मधला एक काळ मात्र वाईट असतो. उन्हाळ्यात खोल तलावाचे पाणी थरांत विभागलेले असते, वर कोमट आणि खाली गार. पानगळीत वरचे पाणी थंड होऊन जड होते, खाली उतरते, आणि वारा त्याला हातभार लावतो. शेवटी सगळा तलाव घुसळून एकजीव होतो. पाणी गढूळते, तळाचा कुबट वास वर येतो, कुजक्या पानांचे तुकडे तरंगू लागतात. सगळीकडे सारखेच तापमान आणि सारखाच प्राणवायू झाल्यावर मासे कुठेही असू शकतात. अशा वेळी मी त्या तलावाच्या वाट्याला जात नाही. जिथे थर मुळात पडतच नाहीत, अशा उथळ तलावावर किंवा नदीच्या संथ वळणावर जाते.

आता वेगाविषयी, कारण सर्वांत जास्त मासे मी इथेच गमावले आहेत. पाइक थंड रक्ताचा प्राणी आहे. पाणी १० अंशांच्या खाली गेले की तो मोठा घास घ्यायला तयार असतो, पण त्यासाठी फार धावायला तयार नसतो. उन्हाळ्यात सरसर ओढलेले, चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष काम करते. पानगळीत मी २० सेंटीमीटरचे रबरी आमिष लावते, रिळाचे दोन फेरे घेते आणि थांबते, आमिष सावकाश बुडू देते, पुन्हा दोन फेरे घेते. गेल्या हंगामात एका सकाळी आमिष होडीपासून दोन हातांवर आले तेव्हा त्याच्यामागे एक लांब सावली होती. माझा हात आपोआप थबकला. ती सावली तशीच स्थिर राहिली, फक्त तिचे कल्ले उघडत-मिटत होते. मी रॉडचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठच्या (8) आकड्यासारखे रुंद वळण घेतले. वळणाच्या बाहेरच्या टोकाला पांढरा जबडा उघडला आणि रॉड मुठीपर्यंत वाकला. पाइक आमिषामागे पार होडीपर्यंत येतो आणि आमिषाने दिशा बदलली की झडप घालतो, म्हणून शेवटचे वळण मी प्रत्येक वेळी घेते, मागे काही दिसो वा न दिसो.

फारच गारठा पडला तर मृत मासा हेच उत्तम आमिष. मॅकरेल, हेरिंग किंवा स्मेल्ट तळाशी सोडावा किंवा तरंड्याखाली, म्हणजे दोऱ्याला बांधलेल्या तरंगत्या खुणेखाली, लटकवावा. इथे माझी एक चूक सांगणे आवश्यक आहे. सुरुवातीच्या काळात तरंडा चालू लागल्यावर मी वाट पाहत बसले, मासा आमिष नीट गिळू दे म्हणून. त्या मादीने गळ घशाच्या पार आत नेला होता आणि ती वाचली नाही. तेव्हापासून तरंडा हलला की मी लगेच दोरा ताणून घेते. चार घास निसटले तरी चालतील.

पोलादी तारेचा, किमान ३० सेंटीमीटरचा तुकडा गळाआधी लावलाच पाहिजे, यावर मी तडजोड करत नाही. पाइकच्या टाळूवर मागे झुकलेल्या दातांच्या रांगाच रांगा असतात, आणि कडेचे दात साधा दोरा सुरीसारखा कापतात. दोरा तुटला तर आपले आमिष जाते, पण तीन टोकांचा गळ माशाच्या तोंडात राहतो. लांब नाकाची पक्कड, गळ कापायचा कटर, रबरी विणीचे मोठे हातजाळे आणि मासा ठेवायला ओली केलेली गादी, एवढे हाताशी नसेल तर पाइकसाठी गळ टाकू नये. मासा शक्यतो जाळ्यात, पाण्यातच ठेवून गळ काढावा. उचलायचाच तर एक हात कल्ल्याच्या झाकणाखाली, लाल कल्ल्यांना न शिवता, आणि दुसरा पोटाखाली, आडवा. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर असल्याने उन्हाळ्यापेक्षा तो लवकर सावरतो. परंतु हवा शून्याखाली असेल तर फोटोचा मोह टाळावा, कारण ओले कल्ले उघड्या हवेत गोठू शकतात.

हंगामाचा शेवट मला रॉडवरच्या, दोरा ओवायच्या कड्या सांगतात. ओला दोरा फिरता फिरता कड्यांत बर्फ धरू लागतो. मी रॉडचे टोक पाण्यात बुडवून तो वितळवते, चार फेका टाकते, पुन्हा बुडवते. दोन फेकांनंतरच कड्या बुजू लागल्या आणि किनाऱ्यालगत बर्फाचा पापुद्रा दिसला, की त्या दिवशी होडी बाहेर काढते.