रात्री बारानंतरची गिटार

घरी पहिल्यांदा आलेला माणूस समोरच्या भिंतीकडे बघतो, पाण्याचा पेला खाली ठेवतो आणि विचारतो, "एवढ्या पाच-पाच गिटारी! त्यातली तुमची लाडकी कोणती?" रविवारी शिकायला येणारी मुलं विचारतात, सोयरे विचारतात, परवा गॅस सिलिंडर घेऊन आलेल्या दादांनीही विचारलं. आजवर मी "सगळ्याच आपल्या" म्हणून वेळ मारून नेली. ते खरं नव्हतं. एक आहे, आणि ती कोणती हे मला पक्कं माहीत आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज सांगतो.

बहुतेकांचं बोट शिसवी पाठीच्या गिटारीकडे जातं. साहजिकच आहे, दिसतेच तशी. २०१८ मध्ये नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हा मिळालेल्या पैशांतला एक वाटा मी ठरवून तिच्यावर खर्च केला. पुढचा तक्ता स्प्रूस नावाच्या विलायती लाकडाचा, पाठ आणि कडा भारतीय शिसवीच्या. हे आपल्या घाटातलं, कर्नाटक-केरळातलं लाकूड गिटारीच्या जगात फार मानाचं आहे. अमेरिकेतली मार्टिन कंपनी १८३३ पासून गिटारी करते. ती आधी ब्राझीलचं शिसव वापरायची, ते मिळेनासं झालं तेव्हा १९६९ च्या अखेरीपासून आपलं शिसव वापरू लागली. कुणी तिच्या पाठीवर हात फिरवला की मी हे आवर्जून सांगतो.

आणि त्याच्या पाठोपाठ तोरेसची गोष्टही सांगतो. अंतोनियो दे तोरेस हा स्पेनमधला कारागीर. आजच्या क्लासिकल गिटारीचा आकार त्याच्या हातून घडला. १८६२ मध्ये त्याने एक गिटार केली, तिची पाठ आणि कडा चक्क कागदाच्या लगद्याच्या, फक्त पुढचा तक्ता उत्तम लाकडाचा. आवाज घडतो तो या तक्त्यात, हे त्याला दाखवून द्यायचं होतं. मला ही गोष्ट फार आवडते, कारण मी तीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याच्या हत्यारं-साचे करणाऱ्या विभागात काढली. बाहेरून पॉलिश केलेल्या वस्तूत नेमकं काम करणारा भाग कोणता, हे हुडकणं हा आमचा धंदाच.

त्या शिसवी गिटारीला माझ्याच हातून इजा झाली आहे. नाशिकची हवा चांगली म्हणून सगळीकडे नाव आहे, पण लाकडाचं गणित वेगळं. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, तक्ता फुगतो, तारा फ्रेटपासून (गळ्यावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) वर उचलल्या जातात आणि बोट दाबून दाबून दुखतं. एप्रिलमध्ये उलटं. हवा कोरडी ठाक होते, लाकूड आकसतं, तक्ता खाली बसतो, तारा फ्रेटवर घासून झणझणायला लागतात. गळ्याच्या कडेने हात फिरवला की फ्रेटची टोकं बोचतात, तो पहिला इशारा. मला तो समजायला हवा होता. एका एप्रिलमध्ये आम्ही पंधरा दिवस बाहेरगावी गेलो, गिटार भिंतीवरच राहिली, आणि परत आलो तर ब्रिजच्या, म्हणजे तक्त्यावरच्या तारा अडकवायच्या पट्टीच्या खालून काठापर्यंत केसासारखी रेघ गेलेली. दुरुस्त झाली, आतून लाकडाच्या छोट्या चकत्या चिकटवून भेग बांधून घेतली, आवाजात फरक पडला नाही. तेव्हापासून मार्च लागला की ती पेटीत जाते. सोबत भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला स्पंज, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्क्यांत असला की मला झोप लागते. तिच्यावर माझा जीव आहे. पण तिला हातात घेण्याआधी मी हात धुतो, शर्टाची बटणं बघतो, पंखा कुठे आहे ते बघतो. लाडकीशी असं वागावं लागत नाही.

मामाच्या गिटारीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. मामा नाशिकरोडला प्रेसमध्ये होता. नाशिककर 'प्रेस' म्हणाला की ती नोटांची नाहीतर स्टॅम्पांची, तिसरी कुठली नसते. त्याची गिटार हवाईयन, कोलकात्याहून मागवलेली. ही मांडीवर आडवी ठेवायची. नट, म्हणजे डोक्याकडे तारा टेकतात ती पट्टी, उंच, तारा फ्रेटपासून बोटभर वर. त्या दाबायच्या नाहीतच, डाव्या हातातली पोलादी कांडी तारेवरून सरकवायची. त्यामुळे सूर तुटत नाही, गळ्यातून यावी तशी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येते. जोधपूरचे पंडित ब्रिजभूषण काब्रा याच वाद्यावर राग वाजवायचे. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबर त्यांनी केलेली ध्वनिमुद्रिका मामाकडे होती आणि ती लावताना तो आम्हाला पंख्याचं बटणसुद्धा बंद करायला लावायचा. पुढे विश्वमोहन भट्टांनी याच जातीच्या गिटारीत बदल करून मोहनवीणा केली, त्यांना १९९४ मध्ये ग्रॅमी मिळालं, तेव्हा मामाने प्रेसमध्ये पेढे वाटले होते.

आमच्या आजोळी गिटार म्हणजे परका पाहुणा. आजी रोज सकाळी गंगेवर जाणारी (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो), थोर गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी इथे गोदाकाठी आश्रम काढला, त्यांचे गायक पुत्र द. वि. पलुस्कर १९२१ मध्ये याच गावात जन्मले, हे सगळं तिला तोंडपाठ. अशा घरात लाकडी पेटाऱ्याएवढं विलायती वाद्य आलं. मामाने वाद घातला नाही. एका रात्री जेवणं झाल्यावर त्याने मालकंस राग वाजवला. आजी उठून आत गेली नाही, एवढंच मला आठवतं. मामा गेल्यावर गिटार माझ्याकडे आली. गणपतीत मी ती खाली काढतो, दहा दिवस वाजवतो. मींड मामासारखी येत नाही. ती गिटार मामाचीच आहे, मी राखणदार.

बाकीच्या तीन झटपट सांगतो. एक कोलकात्याचीच साधी स्टील तारांची, १९८९ मध्ये पहिल्या बोनसमधून मेनरोडवरून घेतलेली. तिच्या तारा इतक्या उंच होत्या की पहिले सहा महिने बोटांची सालटं निघाली, पण शिकलो तिच्यावरच. दुसरी यामाहा एफ ३१०, मुलीला दहावीनंतर घेऊन दिलेली, तिचीच खूण म्हणून तिच्या जागी टांगलेली. नवशिक्याने घ्यावी अशी गिटार विचाराल तर मी अजून तिचंच नाव सांगेन. तारेची वाजती लांबी ६३४ मिलिमीटर, इतरांपेक्षा किंचित कमी, त्यामुळे लहान हाताला सोपी जाते. तिसरी इलेक्ट्रिक, १९५४ साली फेंडरने काढलेल्या स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची. पुण्याला निघालेल्या एका मुलाकडून घेतली, शिकायला येणारी पोरं तिच्याभोवती गोळा होतात.

आता सहावी. ती दिवाणखान्यात नसतेच, म्हणून तुमचं लक्ष जात नाही. आतल्या खोलीच्या दारामागे खुंटीला असते. नायलॉन तारांची, क्लासिकल घडणीची, रंग पिवळट पडलेला, कडेला सिगारेटचा एक डाग, तो आधीच्या मालकाचा. आमचे गोव्याचे एक सर इथे गिटार शिकवायचे. २००१ मध्ये ते कायमचे गावी निघाले तेव्हा सामान कमी करत होते. अडीच हजार रुपयांना त्यांनी मला ती दिली. कंपनीचं नाव आतल्या चिठ्ठीवर होतं, चिठ्ठी कसरीने खाल्ली.

तेव्हा आम्ही सिडकोत राहायचो. सिडकोची घरं तुम्हाला माहीत आहेत, भिंतीला भिंत. शेजारी फोडणी पडली की आपल्याकडे ठसका लागतो. माझी बहुतेक सेकंड शिफ्ट असायची, दुपारी साडेतीन ते रात्री बारा. त्रिमूर्ती चौकातून स्कूटर बंद करून शेवटचा उतार तसाच सोडायचो, म्हणजे गल्ली जागी होत नाही. बायको शाळेत, तिला पहाटे पाचला उठायचं. मुलगी चार वर्षांची आणि तिला दमा. थंडीत रात्री तिचा श्वास वाजायला लागे आणि कुणीतरी जागं राहावं लागे. तो कुणीतरी मीच, कारण आठ तास मशिनच्या आवाजात काढलेल्या माणसाला अंथरुणावर पडल्या पडल्या झोप येतच नाही. बारा ते दोन हा वेळ माझा होता. दिवसातला तेवढाच.

त्या वेळी स्टीलची तार छेडणं शक्यच नव्हतं. स्टीलच्या सहा तारा मिळून गिटारीला सत्तर किलोहून जास्त ताण देतात, त्यांचा वरचा सूर भिंत ओलांडून जातो. नायलॉनच्या सहा तारांचा ताण साधारण चाळीस किलो. आधी या तारा जनावरांच्या आतड्यांच्या असत. दुसऱ्या महायुद्धात आतडी दवाखान्यांतल्या टाक्यांसाठी जाऊ लागली, तारा मिळेनात, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉन वापरून पाहिलं आणि सेगोव्हियासारख्या मोठ्या वादकाने ते उचलून धरलं. त्या तुटवड्याचे माझ्यावर उपकार आहेत. नखं न लावता, बोटाच्या गादीने तार सोडली तर हा आवाज त्याच खोलीत विरतो.

इलेक्ट्रिकला हेडफोन लावून का नाही, असं एका मुलाने विचारलं. चांगला प्रश्न आहे. हेडफोन कानावर चढवला की घर ऐकू येत नाही. मला गिटार ऐकायची होती आणि मुलीचा श्वासही ऐकायचा होता. दोन्ही एकदम ऐकू येईल इतकाच आवाज हवा होता, आणि तो फक्त हिच्यात होता.

एका रात्री येऊन पाहतो तर दुसरी तार चढलेली. मुलगी दिवसभर खुंट्या फिरवत बसली असणार. मी उतरवायला घेतली, त्याआधी सवयीने सहाही मोकळ्या तारांवरून अंगठा फिरवला. आणि थांबलो. एरवी त्या तारा जाडीकडून बारीककडे ई, ए, डी, जी, बी, ई या पाश्चात्त्य सुरांत लावतात, मोजतात मात्र बारीक तारेपासून. तिने बी जवळजवळ अर्धा स्वर वर नेऊन सी केला होता. जाड तारेचा ई म्हणजे षड्ज, सा धरा. मग ए हा मध्यम, डी कोमल निषाद, जी कोमल गंधार, आणि नवा सी कोमल धैवत. रिषभ नाही, पंचम नाही. एकही बोट न दाबता सहा मोकळ्या तारांवर अख्खा मालकंस पडला होता. वादी, म्हणजे रागाचा मुख्य सूर मध्यम, पाचव्या तारेवर; संवादी, म्हणजे त्याखालोखालचा षड्ज, सहाव्या तारेवर, दोन्ही खर्जात. आणि मालकंसाची वेळ रात्रीचा तिसरा प्रहर, म्हणजे बारानंतरची. मी नीट सी लावून घेतला, आणि त्यानंतर कित्येक वर्षं रात्री ती तार खाली उतरवली नाही.

ही जुळणी कुठल्याही गिटारीवर होईल, तुम्हीही करून पाहा. पण स्टीलच्या तारांचे सूर लांब रेंगाळतात, एकावर एक चढतात. नायलॉनचा सूर लवकर मिटतो. मामाची मींड मला या गिटारीवर काढता येत नाही, फ्रेट मध्ये येतात. म्हणून मी मध्यमावर येतो आणि तो पूर्ण मिटेपर्यंत काही वाजवत नाही. त्या मोकळ्या जागेत शेजारच्या खोलीतला श्वास ऐकू यायचा. तो एकसारखा झाला की मग गंधार.

बायकोला मी कधी विचारलं नाही की तुला त्रास होतो का. तीही कधी बोलली नाही. तिचं गाण्याशी तसं नातं नाही, राग वगैरे ती ओळखत नाही. एकदा सुट्टीच्या सकाळी ती ओट्याशी आलं ठेचत होती आणि गुणगुणत होती. ध नि सा ग, मग मध्यमावर लांब थांबून परत गंधार. माझं थांबणंसुद्धा तिने जसंच्या तसं घेतलं होतं. मी दारात उभा राहिलो. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, दूध घ्या ना खाली, उतू जातंय." मी दूध उतरवलं. तेव्हा मला समजलं की आवाज भिंतीपलीकडे जात होता, फक्त झोप मोडत नव्हता.

मुलगी आता पुण्यात नोकरी करते, दमा राहिला नाही. सिडको सोडून आम्ही पाथर्डी फाट्याला आलो, इथे भिंती जाड आहेत, शिफ्टही नाही. हवी ती गिटार हव्या त्या वेळी वाजवायला कुणाची हरकत नाही. तरी आवडती तीच, हे मी मनाला विचारून सांगत नाही, मोजून सांगतो. प्रत्येक गिटारीच्या डोक्यामागे मी कागदी टेपचा तुकडा चिकटवतो आणि तारा बदलल्याची तारीख लिहितो. टूलरूमची सवय आहे. शिसवीच्या डोक्यामागे तीन तारखा आहेत. इलेक्ट्रिकच्या दोन. सहावीच्या मागे टेप संपला, म्हणून मी तारखा पेटीच्या झाकणाच्या आत लिहायला लागलो आणि आता ते झाकणही अर्धं भरत आलं आहे.

तिची चौथी तार पुन्हा काळी पडली आहे, नायलॉनमध्ये पहिली जाते ती हीच, बारीक गुंडाळी फ्रेटवर घासून उसवते. नवा संच कपाटात आणून ठेवला आहे. शनिवारी मुलगी येतेय, तोवर बदलून ठेवीन, कारण नव्या नायलॉनला सुरात स्थिर व्हायला दोन-तीन दिवस लागतात. दुसरी तार 'सी'लाच लावीन.