निऑन बिघडत नाही, बाकी सगळे बिघडते

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने माजी विद्यार्थ्यांना आपापल्या कामाविषयी लिहायला सांगितले, म्हणून निऑनविषयी लिहितो. शाळेत हा वायू आवर्तसारणीच्या अगदी उजव्या रकान्यात भेटतो: अणुअंक 10, बाह्यतम कवचात 8 इलेक्ट्रॉन, अष्टक पूर्ण, कोणाशी संयोग नाही. परीक्षेपुरते एवढे पुरते. निऑनच्या कामात, म्हणजे पाट्यांसाठी निऑन भरलेल्या काचेच्या नळ्या (ट्यूब) बनवण्यात, मात्र सगळे या एका ओळीवर चालते. जो कोणाशी संयोग पावत नाही, तो झिजतही नाही. म्हणून ट्यूब बंद पडली की दोष निऑनमध्ये शोधायचा नाही. काच, इलेक्ट्रोड (वीज आत सोडणारी धातूची टोके), पंप आणि हात, एवढ्यातच तो सापडतो.

विल्यम रॅमसे आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी 1898 मध्ये लंडनला निऑन शोधला, तो द्रवरूप हवेचे घटक उत्कलनबिंदूनुसार वेगळे करताना. हवेच्या दहा लाख भागांत निऑन जेमतेम 18 भाग, म्हणजे एक लिटर निऑनसाठी सुमारे 55,000 लिटर हवा लागते. एवढ्यासाठी स्वतंत्र कारखाना कोणालाच परवडत नाही. तो ऑक्सिजनच्या कारखान्यातून जोडउत्पादन म्हणून मिळतो; पूर्वीही तसाच मिळत होता, आजही तसाच मिळतो. फ्रान्समध्ये जॉर्ज क्लोद यांच्याकडे ऑक्सिजन बनवताना निऑन साठत गेला आणि डिसेंबर 1910 मध्ये पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात त्यांनी 12 मीटर लांबीच्या लाल नळ्या पेटवून दाखवल्या. त्याआधी डॅनियल मॅकफार्लन मूर यांच्या नळ्यांत नायट्रोजन किंवा कार्बन डायऑक्साइड असे. हे वायू हळूहळू संपत, म्हणून नळीला अधूनमधून वायू सोडणारी झडप जोडावी लागे. क्लोद यांनी निऑन अतिशुद्ध केला आणि इलेक्ट्रोडचा पृष्ठभाग मोठा ठेवला. माझ्या मते दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इलेक्ट्रोड लहान असला की आयनांच्या माऱ्याने त्याचा धातू उडतो, काचेवर काळा थर बसतो आणि त्या थरात निऑनचे अणू अडकून पडतात. दाब उतरतो, धातू आणखी जोरात उडतो आणि ट्यूब स्वतःच स्वतःला संपवते.

ट्यूब बनवताना अक्षराचा नकाशा उष्णतारोधक कागदावर आरशातल्यासारखा उलटा काढतात, कारण पुढची बाजू टेबलाला टेकून सपाट राहिली पाहिजे. 8 ते 15 मिलिमीटर व्यासाची शिशाची काच बर्नरवर मऊ होते. ती ज्योतीबाहेर काढून नकाशावर वाकवायची आणि त्याच क्षणी तोंडातल्या रबरी नळीने हलकी फुंकर द्यायची. फुंकर कमी पडली तर वळणावर नळी चपटी होते, जास्त झाली तर बाहेरची भिंत कागदासारखी पातळ होते. दोन्ही तुकडे टाकून द्यावे लागतात. जोड मात्र फसवा असतो. तो घाईने थंड झाला तर काचेत ताण राहतो आणि सगळे ठीक दिसत असताना दोन दिवसांनी तिथे केसाएवढी चीर पडते.

खरी कसोटी पंपावर लागते. दोन्ही टोकांना इलेक्ट्रोड जोडलेली ट्यूब बारीक नळीने पंपाला जोडतात. आत थोडी हवा ठेवून उच्च व्होल्टेजच्या ट्रान्सफॉर्मरने काहीशे मिलिअँपिअर प्रवाह सोडतात. याला बॉम्बार्डिंग म्हणतात. काच 200 अंशांच्या वर तापते. काचेवर ठेवलेली कागदाची पट्टी तपकिरी पडली की ती पुरेशी तापली असे समजतात. या उष्णतेने काचेला चिकटलेली पाण्याची वाफ सुटते. मग प्रवाह वाढवून इलेक्ट्रोड नारिंगी-लाल होईपर्यंत तापवतात, म्हणजे त्यावरच्या लेपातील कार्बोनेटचे ऑक्साइड होऊन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ही घाण पंपाने खेचून दाब काही मिलिटॉरवर (टॉर हे दाबाचे एकक, मिलिटॉर त्याचा हजारावा भाग) आणायचा, ट्यूब निवू द्यायची आणि मगच निऑन भरायचा. ट्यूब गरम असताना भरला तर दाबमापीवरचा आकडा बरोबर दिसतो, पण निवल्यावर तोच दाब कमी भरतो. 15 मिलिमीटरच्या नळीला सुमारे 8 ते 9 टॉर, 8 मिलिमीटरच्या नळीला त्याच्या जवळजवळ दुप्पट. वातावरणाचा दाब 760 टॉर असतो हे लक्षात घेतले, म्हणजे आत वायू किती विरळ आहे ते कळेल.

दोष रंगावरून ओळखता येतो. स्वच्छ निऑनचा उजेड भडक नारिंगी-लाल आणि स्थिर असतो. उजेड आत सापासारखा वळवळू लागला तर बॉम्बार्डिंग अपुरे झाले आहे. फिकट गुलाबी-जांभळ्याकडे झुकला तर हवा शिरते आहे. टोके काळी पडत असतील तर दाब कमी किंवा प्रवाह जास्त. निळ्या रंगासाठी अरगॉन आणि पाऱ्याचा थेंब लागतो. थंडीत पाऱ्याची वाफ कमी होते, म्हणून निळी ट्यूब मंदावते. साध्या काचेतल्या लाल ट्यूबमध्ये पारा नसतो, तिला थंडीचे काही वाटत नाही. सिलिकॉनच्या पट्टीत एलईडी बसवून जे ‘निऑन’ म्हणून विकतात, त्यात निऑनचा एक अणूही नसतो. त्या पट्टीला 12 किंवा 24 व्होल्ट पुरतात, तेव्हा हात पोचेल अशा जागी तीच लावावी. निऑन ट्यूबचा ट्रान्सफॉर्मर 15,000 व्होल्टपर्यंतचा असतो आणि त्याचे 30 मिलिअँपिअर जीव घ्यायला पुरेसे आहेत. हे काम घरी करून पाहण्याचे नाही.

विद्यार्थ्यांनी हा वायू जवळून पाहावा तो टेस्टरमध्ये. आतला इवलासा दिवा निऑनचाच आणि त्याच्यासोबत सुमारे 1 मेगाओहमचा रोध असतो. तुमच्या शरीरातून जाणारा प्रवाह काही मायक्रोअँपिअर ते पाव मिलिअँपिअर, तरीही दिवा लागतो. प्रत्यावर्ती धारेवर दोन्ही तारांभोवती उजेड दिसतो, दिष्ट धारेवर फक्त ऋण टोकाभोवती. मात्र दिवा लागला नाही म्हणजे तार मृत आहे असे धरू नये. कोरड्या लाकडी स्टुलावर उभे असाल किंवा उन्हात असाल तर उजेड दिसणारच नाही. उलट, शेजारच्या चालू तारेमुळे तुटकी तारही टेस्टर पेटवू शकते. आधी चालू असल्याची खात्री असलेल्या सॉकेटवर टेस्टर तपासावा, आणि ओला टेस्टर मुळीच वापरू नये.

विज्ञानात निऑनचे मोठे काम 1912-13 मध्ये झाले. जे. जे. थॉमसन यांना निऑनच्या किरणांच्या दोन वेगळ्या रेघा मिळाल्या, 20 आणि 22 वस्तुमानाच्या. स्थिर मूलद्रव्यालाही समस्थानिक (वेगळ्या वस्तुमानाचे अणू) असतात याचा तो पहिला पुरावा. पुढे 1960 मध्ये बेल प्रयोगशाळेत हेलियम-निऑन लेझर चालला. त्याचा ओळखीचा 632.8 नॅनोमीटरचा लाल किरण 1962 चा. त्यात हेलियमचा उत्तेजित अणू आपली 20.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा निऑनला देतो, कारण निऑनची एक पातळी नेमकी तिथेच आहे. असा लेझर जुना होतो तेव्हाही दोष निऑनचा नसतो. बहुधा हेलियम काचेतून आणि जोडांतून झिरपून गेलेला असतो. संगणकाच्या चिपवर नक्षी उमटवणाऱ्या 193 नॅनोमीटरच्या लेझरमध्ये 95 टक्क्यांहून अधिक वायू निऑनच असतो, पण तो स्वतः प्रकाश देत नाही, अरगॉन आणि फ्लोरिन यांच्या क्रियेला आधार देतो. हा शुद्ध निऑन मोठ्या प्रमाणात युक्रेनमध्ये तयार होई. 2022 मध्ये युद्ध सुरू होताच मारियुपोल आणि ओडेसा येथील उत्पादन थांबले आणि चिप कारखान्यांची धावपळ उडाली.

कलेकडे वळायचे तर कलावंत लुचो फोंताना यांनी 1951 मध्ये मिलानच्या त्रिएनाले या प्रदर्शनात जिन्यावर निऑनची एक मोठी मोकळी रेघ टांगली, आणि ब्रूस नौमन यांनी 1967 मध्ये दुकानाच्या पाटीसारखे सर्पिल वाक्य खिडकीत लावले. अशा कामाजवळ गेलात तर अक्षरांच्या मधले भाग पाहा. शब्दभर नळी सलग असते. जिथे उजेड नको तिथे ती मागे वळवून काळ्या अपारदर्शक रंगाने रंगवतात. हा रंग आधी उडतो आणि मग अक्षरांमध्ये नको त्या रेघा पेटतात. संग्रहालयातल्या जुन्या ट्यूब दुरुस्त करताना रंग पुन्हा द्यावा लागतोच. वायू गेला असेल तर टोक उघडून इलेक्ट्रोड बदलतात, पुन्हा बॉम्बार्डिंग करून निऑन भरतात. त्याआधी मूळ काच कोणती आहे ते तपासून घ्यावे लागते. बोरोसिलिकेट (प्रयोगशाळेतल्या भांड्यांची काच) असेल तर तिला शिशाच्या काचेचा इलेक्ट्रोड जोडून चालत नाही, कारण दोन्हींचे प्रसरण वेगवेगळे असल्याने जोड निवतानाच तडकतो.