तुम्ही विचारलंत म्हणून: जुळवून घेतं ते नेमकं कोण?

"प्राणी घेतातच की हो जुळवून. मग एवढी काळजी कशाला?"

शहरातल्या प्राण्यांबद्दल कुठेही बोलायला गेले की शेवटी हा प्रश्न येतोच. कुणाला खरंच दिलासा हवा असतो, कुणाला विषय मिटवायचा असतो. एकदा सहावी-सातवीतल्या एका मुलीने विचारलं, आणि तिच्या चेहऱ्यावर इतकी आशा होती की "हो गं, घेतात" म्हणून मी मोकळी झाले. घरी पोचेपर्यंत ते उत्तर मला टोचत राहिलं. खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. उरलेलं अर्धं आज सांगते.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक दिवा आहे. संध्याकाळी तो लागला की काचेवर एक पाल येते. मी आतून बघत असल्यामुळे मला तिचं पोट दिसतं, फिकट, जवळजवळ आरपार. मध्यंतरी त्यात दोन पांढरी अंडी स्पष्ट दिसत होती. ती दिव्याच्या अगदी जवळ कधी बसत नाही. उजेड संपून सावली सुरू होते त्या कडेला बसते. पतंग येतो, दिव्याभोवती घिरट्या घालतो, काचेवर आपटतो, पुन्हा उडतो, पुन्हा आपटतो आणि शेवटी दमून टेकतो. मग पाल हलते. चार पावलं, थांबली. आणखी दोन, थांबली. शेपटीचं टोक तेवढं थरथरतं. पुढचं डोळ्यांना दिसतच नाही. दिसतं ते एवढंच की पतंगाचा एक पंख तिच्या तोंडाबाहेर फडफडतोय आणि काचेवर त्याच्या पंखांची राखाडी पूड लागली आहे.

दिवा शहराचा, आणि त्याच्याशी गाठ दोघांचीही. पालीला कळलंय की उजेड म्हणजे खाणं. हे ती तिच्या एका आयुष्यात शिकली. पतंग काहीच शिकला नाही, त्याला शिकायला वेळच मिळाला नाही. पण समजा शंभरांतला एखादा पतंग असा असेल की ज्याला उजेडाची ओढ मुळातच कमी आहे. तो अंधारातून सरळ निघून गेला, त्याला जोडीदार मिळाला, पुढे अंडी घातली गेली. हा पतंग मला कधी दिसणारच नाही. खिडकीवर येतात ते न जमलेले.

आपण "जुळवून घेणं" म्हणतो तेव्हा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात बांधतो. माझं सगळं उत्तर या गाठीपाशी आहे.

पहिली गोष्ट शिकण्याची. तिची उदाहरणं चटकन डोळ्यांत भरतात, कारण ती आपल्यासमोर घडतात. सिडनीच्या उपनगरांत पिवळ्या तुऱ्याचे पांढरे काकाकुवा कचऱ्याच्या डब्यांची झाकणं चोचीने उचलून उघडतात. २०१८ पूर्वी ही करामत तीन उपनगरांतून कळली होती, २०१९ च्या अखेरीस ४४ उपनगरांतून. एकाचं बघून दुसरा शिकला, आणि जवळच्या वस्तीत आधी, लांबच्या वस्तीत नंतर, अशी ती पसरत गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या, डोक्यावर पांढरे पट्टे असणाऱ्या चिमण्यांचं तर मला फारच अप्रूप वाटतं. वाहनांच्या घरघरीवर मात करायला त्या मोठ्याने आणि वरच्या पट्टीत गात होत्या. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते शांत झाले आणि त्यांचं गाणं हळू झालं, त्यात खालचे सूर पुन्हा आले. संशोधकांनी ते जुन्या ध्वनिमुद्रणांशी ताडून पाहिलं. १९७० च्या दशकात त्या गायच्या तसं ते गाणं होतं. गोंगाट थांबल्यावर काही आठवड्यांत पक्षी सावरले. हे खरंखुरं जुळवून घेणं. यात कुणाचा बळी जात नाही.

दुसऱ्या गोष्टीत जातो.

तिच्याबद्दल बोलताना मी नेहमी अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या क्लिफ स्वॅलोची गोष्ट सांगते. पाकोळीसारखा दिसणारा हा छोटा पक्षी. पूर्वी कड्यांना चिखलाची घरटी लावायचा. रस्ते झाले, पूल झाले, तेव्हा पुलांच्या पोटाला लावू लागला. एकेका पुलाखाली शेकडो घरटी, आणि वरून वाहनं. चार्ल्स ब्राउन आणि मेरी बॉमबर्गर ब्राउन यांनी या पक्ष्यांचा ३० वर्षं अभ्यास केला. दर हंगामात ते त्याच रस्त्यांवरून जात, आणि वाहनाला धडकून मेलेला स्वॅलो दिसला की थांबून उचलत. त्याचे पंख मोजत, नोंद करत. अभ्यासासाठी लावलेल्या जाळ्यांत चुकून दगावलेल्या पक्ष्यांचे पंखही ते मोजत. म्हणजे दोन रकाने झाले: वाहनांनी मारलेले, आणि त्या वस्तीत एरवी जगत असलेले.

२०१३ साली त्यांनी हे आकडे मांडले. रस्त्यावर मरणाऱ्यांची संख्या वर्षागणिक घटत आली होती. पक्षी कमी झाले होते म्हणावं, तर उलट ते वाढले होते. वाहनंही कमी झालेली नव्हती. आणि वस्तीतल्या पक्ष्यांचे पंख सरासरीने आखूड होत गेले होते, तर रस्त्यावर मरत होते ते लांब पंखांचे. लांब पंख दूरवर सरळ उडायला बरे. आखूड पंखांचा पक्षी जमिनीवरून झटकन वर उठतो, झटकन वळतो. समोरून ट्रक येत असताना तेवढ्या निमिषाने फरक पडतो. बदलाला दुसरी कारणंही हातभार लावत असतील हे ब्राउन दांपत्यानेच लिहिलंय, आणि ते मला त्यांच्या कामाइतकंच मोलाचं वाटतं.

मला या गोष्टीत पंखांपेक्षा, मेलेला पक्षी रस्त्याकडेला वाकून उचलणारा माणूस जास्त आठवतो. एकाही स्वॅलोचे पंख त्या पक्ष्याच्या स्वतःच्या हयातीत आखूड झाले नाहीत. कुणी काही "जुळवून घेतलं" नाही. जे होते तसेच होते, त्यांतले काही रस्त्यावर संपले आणि उरलेल्यांची पिल्लं मोठी झाली. ३० वर्षांनी वस्तीकडे पाहिलं की वाटतं, वा, पक्षी बदलले! ते बदललेपण मेलेल्यांच्या रकान्यातून आलंय.

शाळेत शिकलेला इंग्लंडचा पतंग आठवत असेल, बिस्टन बेट्युलारिया. मँचेस्टरजवळ १८४८ साली काळा नमुना सापडला होता. १८९५ पर्यंत तिथले सुमारे ९८ टक्के पतंग काळे होते. काजळीने काळ्या पडलेल्या झाडांवर पांढरे पतंग पक्ष्यांना दिसत. हवा स्वच्छ होऊ लागली तसे पांढरे पुन्हा वाढले. पाठ्यपुस्तकात हे एका चित्रात उरकतं, दोन खोडं, दोन पतंग. मधल्या पन्नासेक वर्षांत पक्ष्यांच्या चोचींत गेलेले पांढरे पतंग त्या चित्रात मावत नाहीत.

आता कुणी म्हणेल, शिकण्यातला बदल आणि वंशात उतरलेला बदल वेगळा ओळखायचा कसा? याची रीत साधी आहे, आणि मला ती अतिशय आवडते. दोन्हीकडची पिल्लं आणायची आणि एकाच ठिकाणी, एकाच खाण्यावर वाढवायची. फरक मिटला तर तो परिस्थितीचा होता. टिकला तर बहुधा रक्तातला.

स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात आणि आसपास हेच केलं गेलं, आणि तेही माझ्या खिडकीच्या प्रश्नावर. पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असणारा एक लहानसा पतंग आहे. त्याचे सुरवंट झगझगीत उजेडाच्या वस्त्यांतून आणि खऱ्या अंधाराच्या जागांतून गोळा केले, एकत्र वाढवले. हजारावर पतंग बाहेर पडले. मग त्यांना दिव्यासमोर सोडलं. उजेडाच्या वस्तीतून आलेले पतंग दिव्याकडे सुमारे ३० टक्के कमी ओढले गेले. पतंग झाल्यावर त्यांनी रस्त्यावरचा दिवा कधी पाहिला नव्हता. त्यांच्या कित्येक पिढ्यांमागच्या, दिव्याखाली न मेलेल्या पूर्वजांनी ती सवय त्यांना दिली होती. २०१६ साली हे वाचलं तेव्हा मी उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले होते.

पण पुढचंही ऐका. दिव्याकडे न जाणारा पतंग एकूणच कमी उडत असेल, तर तो कमी फुलांवर जाईल, आणि वटवाघळांच्या, कोळ्यांच्या वाट्याला कमी येईल. पतंग वाचला तरी त्याच्यावर विसंबून असलेल्यांचं काय, हा हिशेब वेगळा राहतोच.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरातल्या मुंग्यांवरही असाच प्रयोग झाला. अख्खं वारूळ ओकच्या एका फळात मावेल एवढ्या त्या चिमुकल्या. शहरातल्या मुंग्यांच्या पिल्लांना उष्णता जास्त सोसते, थंडी मात्र कमी. प्वेर्तो रिकोतल्या शहरी ॲनोल सरड्यांचे पाय लांब आणि बोटांखालच्या चिकट पट्ट्या जास्त, कारण रंगवलेली भिंत आणि काच झाडाच्या सालीसारखी खरखरीत नसते. त्यांची पिल्लं एकत्र वाढवली तरी हा फरक राहिला.

इथे एक सावधगिरी. शहरात चांगलं चाललेला प्रत्येक जीव शहरात घडलेला नसतो. कबुतर घ्या. त्याचे पूर्वज कड्याकपारींत राहत. त्याला उंच इमारत म्हणजे ओळखीचा कडा, गच्चीखालची फट म्हणजे कपार. ते जवळजवळ तयार होऊनच आलं. लंडनच्या भुयारी रेल्वेतला डासही असाच. तो त्या बोगद्यांमध्येच निर्माण झाला असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं, मीही सांगितलंय. पण बोगदे १८६३ नंतरचे, आणि या डासाचं वर्णन इजिप्तमधून १७७५ सालीच छापून आलं होतं. आता जनुकीय अभ्यासही तेच सांगतो: माणसाच्या वस्तीत राहण्याची त्याची तयारी फार जुनी, तीही उबदार प्रदेशातली. बोगद्याने त्याला फक्त जागा दिली. तो मी रंगवून सांगितलेला किस्सा मला मागे घ्यावा लागला. कुठे कुठे सांगितला होता हे आठवेल तिथे कळवलंही.

तर मग काळजी का? त्या मुलीला द्यायला हवं होतं ते उत्तर एका माशात आहे.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, खाड्यांच्या चिखलात, किलिफिश नावाचा बोटाएवढा मासा राहतो. औद्योगिक बंदरांमध्ये दशकानुदशकं विषारी रसायनं सोडली गेली. त्या पाण्यात साध्या किलिफिशची अंडी घातली तर भ्रूणाचं हृदय धड तयार होत नाही. आणि तरीही त्या बंदरांमध्ये किलिफिश राहतात, पोसतात, अंडी घालतात. साध्या माशांना मारणाऱ्या मात्रेच्या काही ठिकाणी ८,००० पट विष त्यांना सोसतं. न्यू बेडफर्ड, नेवार्क, ब्रिजपोर्ट आणि व्हर्जिनियातली एलिझाबेथ नदी, या चार जागांच्या माशांची जनुकं वाचली तेव्हा दिसलं की चारही ठिकाणी बदल बराचसा एकाच यंत्रणेत झालाय. विष शरीरात शिरल्याची वर्दी देणारी जी साखळी, तीच मंद झाली आहे.

ही बातमी "निसर्ग सावरतो" अशा सुरात सांगितली जाते. पण हे त्यालाच का जमलं ते बघा. किलिफिशची संख्या अफाट, आणि त्यांच्यातलं जनुकीय वैविध्य कणा असलेल्या प्राण्यांमध्ये अगदी वरच्या पंगतीतलं. म्हणजे विष यायच्या आधीच कुठेतरी, काही मोजक्या माशांत, उपयोगी पडेल असा फेरफार होता. बाकीचे गेले तरी ते उरले, आणि पिढी लवकर पालटत असल्याने पुन्हा भरले. ज्या जातीचे काही हजार प्राणी उरलेत, ज्यांना वयात यायलाच दहा वर्षं लागतात, एका वेळी एकच पिल्लू होतं, त्यांच्याकडे अशी शिल्लक कुठून असणार? शिवाय शहर ही शिल्लक आणखी तोडतं. न्यूयॉर्कच्या बागांमधल्या पांढऱ्या पायांच्या उंदरांचं तेच झालंय. एका बागेतला उंदीर रस्ते ओलांडून दुसऱ्या बागेत जात नाही, आणि आज जनुकं पाहून तो कुठल्या बागेचा हे बऱ्याचदा सांगता येतं. प्रत्येक बाग एक बेट. उंदीर भराभर वाढतात म्हणून टिकून आहेत.

तेव्हा, ज्यांनी विचारलंत त्यांना माझं म्हणणं असं. हो, काही प्राणी शिकतात, आणि त्यांना शिकायला वेळ मिळाला तर ते थक्क करतात. काही जाती बदलतात, पण त्यांतला एकेक प्राणी बदलत नाही, तो जगतो किंवा मरतो. आणि बऱ्याच जातींकडे एवढे मरण परवडण्याइतकं बळ नाही. त्या आपल्याला शहरात दिसत नाहीत, म्हणूनच शहरात पाहिलं की सगळ्यांनी जुळवून घेतल्यासारखं दिसतं. प्राण्यांना रस्त्याखालून जायला बोगदा, वरून जायला पूल, बागेला बाग जोडणारी झाडांची ओळ, खाली तोंड केलेला दिवा, हे आपण दिलं तर त्यांना मरून बदलावं लागणार नाही. एवढं मला तिला सांगायचं होतं.

स्वयंपाकघराबाहेरचा तो दिवा मी हल्ली काम संपलं की लगेच बंद करते. पहिल्या रात्री पाल अंधारात बराच वेळ तिथेच होती. काचेला हात लावला तेव्हा ती सरकली. आता ती उशिरा येत नाही. दिवा लागायच्या आधीच, आकाशात थोडा उजेड असताना, चौकटीच्या कोपऱ्यात येऊन बसलेली असते.